उन्हाळ्यांतील बाजार

इंग्लंडांत फुटबॉलचे सामने ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत चालतात. मग उन्हाळ्यांत मैदानें ओस पडतात. वर्तमानपत्रांतील क्रीडेचीं पानें मात्र ओस पडत नाहींत. कोणता खेळाडू कोणत्या क्लबानें घेतला, कोणास सोडलें, किती पौंड मोजले, याच वार्तांनीं तीं भरून जातात. या देवघेवींत खुद्द खेळाडूच्या इच्छेला स्थान कसें मिळालें, तें आज आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्याकडे २००८ पासून क्रिकेटपटूंचे जे लिलाव होऊं लागले, त्यांत बोलीची रक्कम खेळाडूस वेतन म्हणून मिळते. फुटबॉलांत बदलीची रक्कम जुन्या क्लबाच्या तिजोरींत जाते. खेळाडूचें वेतन हा निराळा करार. हा भेद ज्यानें ओळखला, त्याला पुढील इतिहास समजण्यास अडचण पडणार नाहीं.

१८९३ पासून इंग्लिश लीगमध्यें एक कडक रिवाज पडला होता. कराराची मुदत संपली, तरी क्लबाच्या संमतीवांचून खेळाडूस लीगमधील अन्य क्लबांत जातां येत नसे. दरवर्षीं हंगाम संपला कीं राखून ठेवलेल्या व विकावयास काढलेल्या खेळाडूंच्या याद्या निघत. राखलेल्यानें नवा करार नाकारला, तर त्याला वेतन नाहीं आणि दुसरीकडे खेळण्याची मोकळीकही नाहीं! नोकरी संपली, पण मालकी संपली नाहीं, अशी ही अवस्था होती. शिवाय १९०१ पासून वेतनास आठवड्याला ४ पौंडांची मर्यादा घालण्यांत आली.

किंमत मात्र चढत गेली. १९०५ मध्यें संडरलंडच्या आल्फ कॉमनला मिडल्सबरोनें १,००० पौंडांस घेतलें, तेव्हां माणसांचा हा कसला व्यापार, म्हणून ओरड झाली. १९२८ मध्यें डेव्हिड जॅकसाठीं आर्सेनलनें १०,००० पौंडांहून अधिक मोजले. त्या काळीं खेळाडूच्या वेतनाची मर्यादा हंगामांत आठवड्याला ८ पौंड आणि उन्हाळ्यांत ६ पौंड होती.

या रिवाजास खरा धक्का दिला जॉर्ज ईस्टॅमनें. १९६० मध्यें त्यानें न्यूकॅसलचा नवा करार नाकारला. क्लब सोडीना, तेव्हां त्यानें खेळ बाजूस ठेवून बुचाच्या मालाच्या विक्रीची नोकरी धरली. अखेर त्याच वर्षीं ४७,५०० पौंड घेऊन क्लबानें त्यास आर्सेनलकडे जाऊं दिलें. त्याचें काम झालें होतें. तो स्वस्थ बसता, तरी कोणी दोष दिला नसता. परंतु खेळाडूंच्या संघटनेच्या पाठबळानें त्यानें दावा चालविला आणि १९६३ मध्यें न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं असें राखून ठेवणें हें माणसाच्या उद्योगावर अवाजवी बंधन आहे, असा निर्णय दिला. वेतनाची मर्यादा तत्पूर्वीं, १९६१ मध्येंच, उठली होती.

क्लबांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. लहान गांवचा क्लब पोरास घडवितो आणि श्रीमंत क्लब त्यास उचलून नेतो. मग घडविणाऱ्यास मोबदला नको काय? ही शंका रास्त आहे. पण तो मोबदला माणसास डांबून वसूल करावा काय, हा खरा प्रश्न. बेल्जमच्या जाँ-मार्क बोस्मानच्या खटल्यांत १९९५ मध्यें युरोपीय न्यायालयानें त्याचें उत्तर दिलें: करार संपल्यावर युरोपीय संघांतील नागरिक असलेला खेळाडू संघाच्या दुसऱ्या देशांतील क्लबांत जात असेल, तर त्याच्यासाठीं बदलीची रक्कम मागतां येणार नाहीं.

आतां आंकडे आकाशास भिडले आहेत. २०१७ मध्यें नेमारसाठीं पॅरिसच्या क्लबानें २२ कोटि २० लक्ष युरो दिले. परंतु तो पैसा चालू करार मोडण्याचा होता, माणसाच्या मालकीचा नव्हे. उन्हाळ्यांतील त्या याद्या वाचतांना आंकड्यांनीं आपले डोळे अवश्य दिपावेत. पण त्यांतील प्रत्येक नांवापुढें आज त्या माणसाचा स्वतःचा होकार असावा लागतो, आणि तो होकार कोणीं फुकट दिलेला नाहीं, एवढें विसरूं नये.