माहे पाय कुठी गेले?

मी भूल देणारा डॉक्टर. मेहकरकडच्या एका आजींना पायाच्या ऑपरेशनसाठी कमरेत इंजेक्शन दिलं. पाचेक मिनिटांनी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माहे पाय कुठी गेले वो?"

पाय जागेवरच होते. पायांचा निरोप तेवढा वर पोचत नव्हता. तो का, हे विंचवावरून सांगतो.

सोयाबीनची सुडी उचलताना विंचू चावला तर काय होतं, हे बुलडाण्यात कुणाला सांगायला नको. आपल्या नसांच्या पडद्यात सोडियमची बारीक दारं असतात. ती क्षणभर उघडतात, सोडियम आत शिरतं आणि वेदना पुढे सरकते. लाल विंचवाचं विष ही दारं वेळेवर मिटूच देत नाही. कळ थांबत नाही ती त्यामुळे. आमचं बधिर करणारं औषध बरोबर उलटं वागतं. नसेच्या आत शिरून ते दार उघडूच देत नाही. म्हणून विंचू चावलेल्या बोटाच्या मुळाशी लिग्नोकेन हे असंच औषध टोचलं की कळ शमते. पण कळ गेली म्हणून घरी पळू नका, विष हृदयाला छळू शकतं. त्यावर प्राझोसिन हे औषध वापरात आणलं ते शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, महाडला, १९८०च्या दशकात.

आता कमरेची सुई. मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. आम्ही त्याच्याही खाली टोचतो, तेव्हा 'मज्जारज्जूला सुई लागली तर?' ही भीती बरीचशी वायफळ. बुपिव्हॅकेन हेही तसंच औषध; ते दोन-तीन मिलिलिटर तिथल्या पाण्यासारख्या द्रवात मिसळतं आणि नसांची मुळं त्यात भिजतात. आधी गार-गरम आणि वेदना जाते, मग स्पर्श, हालचाल बहुधा शेवटी. म्हणून मी स्पिरिटचा बोळा मांडीवर फिरवून विचारतो, "गार लागतं का?" आजी म्हणाल्या, "हात लागते, गार नाही लागत."

कधी सोबत थेंबभर फेंटानिल हे वेदनाशामक देतो. ते या दारांच्या भानगडीत पडत नाही. पायाकडून आलेली नस मज्जारज्जूत दुसऱ्या नसेला निरोप देते, तिथंच ते कुजबुज दाबून टाकतं.

कमरेत अशी सुई देऊन ऑपरेशन जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये पहिल्यांदा केलं, तेही कोकेन वापरून. मग सहायकाच्या पाठीत औषध टोचून त्याच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली! त्याला दुखलं नाही. तेव्हा. दुसऱ्या दिवशीचं विचारू नका.

आजींचा अंगठा दोन-अडीच तासांनी हलला. ठणका त्यानंतर आला, आणि मग त्यांनी चहा मागितला.