संगणकाच्या स्पीकरांतील सूंसूं

संगणकाला जोडलेल्या स्पीकरांतून गाणें थांबलें, बोलणें संपलें, तरी एक बारीक सूंसूं चालूच राहते. दिवसा रस्त्याच्या गोंगाटांत ती बुडून जाते. रात्रीं घर निजलें म्हणजे स्पष्ट ऐकूं येते. जुन्या ध्वनिमुद्रिकेंतील हळुवार आलाप, दूरस्थ अध्यापकाचें व्याख्यान, परगांवीं असलेल्या मुलाचें बोलणें, या साऱ्यांवर तिचा पातळ पडदा पसरतो. ज्यांचे कान वयामुळें मंद झाले आहेत, त्यांना तर या पडद्याआडचा शब्द पारखून घेणें फार जड जातें. तेव्हां या उपद्रवाची चौकशी हा केवळ चैनीचा विषय नव्हे.

पुष्कळ घरीं यावर दोन उपाय होतात. एक, नवे स्पीकर विकत आणणें. दुसरा, प्लगाची जाड पिन काढून टाकणें. पहिल्यानें पैसा जातो आणि आवाज कित्येकदां तसाच राहतो. दुसऱ्यानें आवाज कधीं कधीं खरोखरच जातो, परंतु त्याबरोबर जीवाचें संरक्षणही जातें. म्हणून आवाज कोठून येतो हें आधीं शोधावें, हें उत्तम.

प्रथम आवाजाची जात ओळखावी. पावसाच्या सरीसारखी एकसारखी सूंसूं ही एक. भुंग्याच्या गुंजारवासारखा खर्जांतला घूंघूं नाद ही दुसरी. आणि माउस हलवितांच किंवा पडद्यावरील चित्र बदलतांच होणारी किरकिर ही तिसरी. तिन्हींचीं कारणें निराळीं, म्हणून उपायही निराळे.

सूंसूंचें मूळ पदार्थाच्या स्वभावांतच आहे. विद्युत्-मंडलांतील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळें सदैव चंचल असतात व त्या चंचलतेमुळें एक अत्यल्प, अनियमित दाब उत्पन्न होतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील जॉन्सन यांनीं केलेलीं याचीं मोजमापें १९२८ सालीं प्रसिद्ध झालीं व हॅरी नायक्विस्ट यांनीं त्याच सालीं त्याची गणिती उपपत्ति दिली. अर्थात् ही सूंसूं शून्यावर आणतां येत नाहीं; मूळ आवाजाच्या मानानें ती लहान ठेवणें, एवढेंच हातीं असतें.

तें कसें साधावें? एखादा मनुष्य दुरून पुटपुटत असेल, तर कानाला कर्णा लावून त्याचे शब्द मोठे करतां येतात. पण मधल्या पंख्याची घरघरही तितकीच मोठी होते. त्यापेक्षां बोलणाऱ्यानेंच मोठ्यानें बोलावें हें बरें. संगणकाचेंही असेंच आहे. संगणकानें आपला आवाज दहावा हिस्सा पाठविला व स्पीकरनें तो दहापट वाढविला, तर गाणें पूर्वींइतकेंच ऐकूं येईल. पण संगणकाच्या शेवटच्या टप्प्यांत व केबलींत मिसळलेली सूंसूं मात्र दहापट होईल. यास्तव प्रथम स्पीकरचें बटण अगदीं खालीं आणावें, मग संगणकाचा आवाज जवळजवळ पूर्ण वाढवावा आणि शेवटीं स्पीकरचें बटण कानाला सोसेल इतकेंच फिरवावें. तसेंच मायक्रोफोनचा आवाज स्पीकरांत सोडणारी वाट संगणकाच्या आवाजाच्या मांडणींत उघडी राहिली असेल, तर ती बंद करावी. यास एक पैसाही लागत नाहीं. श्रोत्यांनीं आज रात्रींच हा प्रयोग करून पाहावा.

घूंघूं नादाचें कारण बहुधा जोडणींत असतें. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची असून सेकंदाला ५० आवर्तनें करते. संगणक एका सॉकेटांत, स्पीकर दुसऱ्यांत, दोघांनाही अर्थिंग, आणि मध्यें आवाजाची केबल, असें झालें म्हणजे धातूचें एक मोठें वर्तुळ पुरें होतें व त्यांतून वाहणारा क्षीण प्रवाह स्पीकरांत घुमूं लागतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावल्यानें तो पुष्कळदां शमतो. लॅपटॉप असल्यास चार्जर क्षणभर काढून पाहावा. नाद थांबला तर चोराची वाट सांपडली असें समजावें. एवढ्यानें न भागल्यास ग्राउंड लूप आयसोलेटर या नांवाची लहानशी डबी केबलींत बसवावी. तींत दोन वेटोळीं असतात. आवाज चुंबकत्वाच्या द्वारें पलीकडे जातो, पण धातूला धातु लागत नाहीं.

मात्र अर्थिंगची पिन कदापि काढूं नये. आंतील तारेचें आवरण झिजून ती धातूच्या पेटीला लागली, तर अर्थिंगमधून प्रवाह निघून जातो व फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. पिन नसेल तर पेटी तशीच भारलेली राहते आणि प्रवाहाला जमिनीकडे जाण्याची वाट म्हणून पेटीवर हात ठेवणाऱ्याचें शरीर सांपडतें. घरांत लहान मुलें वावरत असतां एवढी किंमत देऊन शांतता विकत घेणें अविचाराचें आहे.

किरकिरीचा उगम संगणकाच्या पेटींतच असतो. तेथें प्रवाह क्षणोक्षणीं उघडझाप करीत असतात व त्यांचा संसर्ग शेजारच्या ध्वनिमंडलाला होतो. यूएसबीला जोडावयाचें बाहेरचें साउंड कार्ड घेतल्यास ध्वनि घडविण्याचें काम त्या पेटीबाहेर नेतां येतें. दोन्ही यंत्रांना ऑप्टिकल केबलची सोय असल्यास ती अधिक बरी, कारण तिच्यांतून वीज जातच नाहीं, केवळ प्रकाश जातो.

इतकें केल्यावरही स्पीकरच्या पडद्याला कान लावला असतां थोडी सूंसूं ऐकूं येईलच. ती स्पीकरांतील ध्वनिवर्धकाची. बसण्याच्या जागेवरून ती ऐकूं येत नसेल, तर तिच्यापायीं खर्च करूं नये. येत असेल, तर स्पीकर हातभर मागें सारावे. आणि तरीही ती सतावीत राहिली, तरच नव्या स्पीकरांचा विचार करावा.