खिडकीतल्या डब्यापासून विद्यापीठापर्यंत

परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणाइतकीच निवाऱ्याची आणि आपुलकीची गरज असते. पुण्याची सिंबायोसिस ही संस्था याच जाणिवेतून उभी राहिली. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देताना त्यांना दिसली. परमुलखातला एकटेपणा त्यांच्या मनाला भिडला. परदेशी आणि भारतीय विद्यार्थ्यांमध्ये जिव्हाळा वाढावा, म्हणून त्यांनी १९७१ मध्ये ही संस्था स्थापन केली. वनस्पतिशास्त्रात ‘सहजीवन’ अशा अर्थाने येणारा शब्दच तिचे नाव झाला. पुढे विधी, व्यवस्थापन असे अभ्यासक्रम सुरू झाले आणि २००२ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.