उन्हाळी आणि तिचे जंतू

लघवी करतांना जळजळ होऊं लागली, वारंवार जावेंसें वाटूं लागलें आणि प्रत्येक वेळीं थेंब थेंबच उतरूं लागली, म्हणजे घरांतील वडीलधाऱ्या बायका "उन्हाळी लागली" असें म्हणतात आणि धन्या-जिऱ्याचें पाणी पुढें करतात. उष्मा हें या दुःखाचें मूळ, अशी त्यांची समजूत. ती सर्वस्वी टाकाऊ नाहीं. घाम फार गेला कीं लघवी कमी व दाट होते आणि नुसती जळजळ पुष्कळांना होते. परंतु पाणी पिऊनहि त्रास टिकला, लघवी गढूळ झाली, तींत रक्ताची छटा दिसली, तर तेथें उष्म्याचा नव्हे, जंतूंचा हात आहे असें समजावें.

हा जंतु परका नव्हे. म्यूनिक येथें थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञानें १८८५ सालीं तान्ह्या मुलांच्या विष्ठेंत एक दंडाकृति जंतु पाहिला. तोच पुढें त्याच्या नांवावरून एशेरिखिया कोलाय, अर्थात् ई. कोलाय, म्हणून प्रसिद्ध झाला. तो प्रत्येकाच्या आंतड्यांत बिनतक्रार नांदतो. आंतड्यांतील हा भाडेकरू मूत्रमार्गांत शिरला म्हणजे मात्र रोग होतो, आणि मूत्रमार्गाच्या शंभर साध्या रोग्यांपैकीं पंचाहत्तरांहून अधिक रोग्यांत अपराधी तोच असतो. उरलेल्यांत क्लेब्सिएला, प्रोटियस इत्यादि मंडळी येतात. प्रोटियस लघवींतील युरिया फोडून अमोनिया करतो, आणि त्यामुळें मुतखडेहि बनतात.

गुदद्वारापासून मूत्रमार्गाचें तोंड स्त्रियांत अगदीं जवळ असतें, आणि तेथून मूत्राशयापर्यंतची वाट अवघी चार सेंटिमीटर; पुरुषांत ती सुमारें वीस. स्त्रियांना हा रोग अधिक कां होतो याचें निम्मे उत्तर या मापांत आहे. आंत पोंचलेल्या जंतूच्या अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतु असतात. त्यांच्या टोकांनीं तो मूत्राशयाच्या अस्तरावरील शर्करेला पकडतो. चमत्कार असा कीं, प्रवाहाचा जोर वाढला म्हणजे ही पकड सैल न होतां अधिकच घट्ट होते. कांहीं जंतू तर अस्तराच्या पेशींच्या आंत शिरून दडतात, आणि बरा झालेला रोग महिन्याभरानें परत कां येतो याचा उलगडा त्यावरून होतो. तथापि ज्यांना अद्याप पकड मिळालेली नाहीं ते जंतू लघवीबरोबर वाहून जातात. शरीराचा पहिला बंदोबस्त हाच. अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत एका जंतूचे दोन होतात. या हिशेबानें तीन तासांत एकाचे पांचशें बारा. मूत्राशयांत वेग थोडा मंद असला, तरी तुंबवून ठेवलेली लघवी त्यांना आयतें कुरणच देते.

आतां बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथून सकाळीं मुंबईस कामाला जाणाऱ्या स्त्रियांचा विचार करावा. बदलापूर मुंबईच्या टर्मिनसपासून सुमारें ६८ किलोमीटर. उपनगरी गाडींत शौचकूप नाहीं. स्थानकावरचा असला तरी आंत पाऊल टाकवेल असा असेलच याचा भरंवसा नाहीं. म्हणून कित्येक स्त्रिया घरून निघण्यापूर्वीं पाणीच पीत नाहींत. ही काटकसर महाग पडते. वारंवार हा विकार होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर बल्गेरियांत केलेला एक प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं रोज दीड लिटर पाणी जास्त घेतलें त्यांना वर्षांत सरासरी १.७ वेळां, इतरांना ३.२ वेळां हा रोग झाला. अर्थात् पाणी प्यावें तर शौचकूप हवा. डिसेंबर २०१५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें स्त्रियांसाठीं स्वच्छतागृहें उभारण्याविषयीं राज्यांतील महानगरपालिकांना आदेश दिले. उल्हासनगरास महानगरपालिका आहे, अंबरनाथ व बदलापूर येथें नगरपरिषदा. परंतु मूत्राशयाला हा भेद ठाऊक नाहीं.

वालधुनी नदीला या रोगासाठीं दोष देण्याची वहिवाट आहे. अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावून, १०६० सालच्या शिवमंदिराजवळून व उल्हासनगरांतून ती कल्याणच्या खाडीकडे जाते, आणि वाटेंत सांडपाणी पोटांत घेते. नदीकांठीं नुसतें राहिल्यानें मूत्रमार्गाचा रोग जडत नाहीं. पण दोष अगदींच खोटा नाहीं, तो आडवळणाचा आहे. मैल्यानें दूषित पाणी वा अन्न पोटांत गेलें, तर जंतूचा नवा वंश कसलेंहि लक्षण न दाखवितां आंतड्यांत वस्ती करूं शकतो आणि पुढें केव्हां तरी मूत्रमार्गांत उतरतो. कॅलिफोर्नियांतील एका विद्यापीठांत असा रोग झालेल्या स्त्रियांची तपासणी २००१ सालीं प्रसिद्ध झाली. नेहमींच्या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंपैकीं सुमारें निम्मे एकाच वंशाचे निघाले! ते दूषित अन्नांतून पसरले असावेत, असा संशोधकांचा तर्क होता.

औषधाला न जुमानणारे असे जंतू आपल्याकडेहि फार झाले आहेत. दुकानांतून परस्पर चार गोळ्या आणून, जळजळ थांबतांच उरलेल्या डबींत ठेवण्याची रीत त्यांना पोषकच आहे. पहिली गोळी घेण्यापूर्वीं मधल्या धारेची लघवी निर्जंतुक बाटलींत घेऊन प्रयोगशाळेंत दिल्यास, कोणता जंतु आहे व तो कशानें मरतो, हें दोन-तीन दिवसांत कळतें. थंडी वाजून ताप आला, कुशींत ठणका लागला, उलट्या होऊं लागल्या, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले असावेत. त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. गरोदर स्त्रीच्या लघवींत तर कसलाहि त्रास नसतांना जंतू असूं शकतात, आणि तेच पुढें मूत्रपिंडास सूज आणतात. म्हणून गरोदरपणाच्या सुरुवातीच्या तपासणींतच तिची लघवी तपासून घेतात.