नववीपासूनच महाविद्यालयाची आखणी
(ज्ञातिमेळाव्यातील विद्यार्थी-पालक सभेत केलेले भाषण)



दहावी-बारावीत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा आपण दरवर्षी या व्यासपीठावर गौरव करतो. ही प्रथा स्तुत्य आहे व ती अखंड चालावी. परंतु हार गळ्यात पडतो तेव्हा निकाल लागून गेलेला असतो, आणि पुढील शाखा तर निकालानंतरच्या चार दिवसांत घाईने ठरलेली असते. शेजारच्या मुलाने विज्ञान घेतले म्हणून आपल्यानेही घ्यावे, मुलीची जात आहे म्हणून गावाजवळचे महाविद्यालय पुरे, असे निर्णय या घाईतूनच जन्मास येतात. म्हणून आमचे आजचे मागणे एवढेच की, समाजाचे साहाय्य मुलांना नववीच्या वर्गातच मिळावे.

इ. स. १९०१ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे अनेक ज्ञातींची वसतिगृहे त्या नगरीत उभी राहिली. त्या काळी खेड्यातील मुलापुढे राहण्या-जेवण्याचा प्रश्न होता. आज त्याच्या जोडीला वेळेवर मिळणाऱ्या माहितीचा प्रश्न उभा आहे.

एक उदाहरण घ्या. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते. निवड झालेल्या व नियमांत बसणाऱ्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आठवीचे वर्ष सरले की ही संधी पुन्हा येत नाही.

अकरावीच्या विषयांचेही तसेच आहे. गणित सोडले की अभियांत्रिकीची वाट बहुधा बंद होते. जीवशास्त्र सोडले की वैद्यकाची. राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. तेव्हा ‘अकरावी म्हणजे विसाव्याचे वर्ष’ ही आपल्या घरांतील समजूत आता टाकून दिली पाहिजे.

आता ज्या मार्गाकडे आपली कुटुंबे कमीपणाच्या दृष्टीने पाहतात, त्याविषयी आग्रहाने सांगावयाचे आहे. दहावीच्या गुणांवर तंत्रनिकेतनात प्रवेश घेऊन तीन वर्षांत पदविका पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यास, त्या पदविकेच्या गुणांवर, अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मागता येतो. बारावी करून पदवी घेणाऱ्यास दोन अधिक चार अशी सहा वर्षे लागतात; पदविकेच्या वाटेने तीन अधिक तीन, म्हणजे सहाच. पदवीचे पहिले वर्ष त्याने पदविकेतच कमावलेले असते, आणि घरची परिस्थिती ओढवल्यास तिसऱ्या वर्षाअखेर नोकरीस उपयोगी पडणारी पदविका हाती असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यासही पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाची सोय आहे. ज्या घरी मिळवता एकच आहे, त्या घराने हा हिशेब शांतपणे मांडून पाहावा.

श्रेयांकांची नवी पद्धतीही समजून घ्यावी. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाच्या १,२०० तासांच्या अध्ययनास ४० श्रेयांक धरले असून शालेय वर्गांचाही त्यात समावेश केला आहे. महाविद्यालयात मिळविलेले श्रेयांक २०२१ पासूनच्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या योजनेत विद्यार्थ्याच्या नावे जमा राहू शकतात. शिक्षणात खंड पडला तरी केलेले श्रम नियमांच्या मर्यादेत कामी येतात. मात्र शाळेतील श्रेयांकांमुळे पदवीचे वर्ष आपोआप कमी होते, असा समज कोणी करून घेऊ नये.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणास जाऊ इच्छिणाऱ्याने जातवैधतेचे काम बारावीच्या निकालापर्यंत लांबविणे धोक्याचे आहे. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या नोंदी शोधाव्या लागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला ज्या गावच्या शाळेत पडून आहे, ते गाव आजोबा हयात असतानाच विचारून ठेवलेले बरे.

भगिनींना विशेष विनंती आहे. २०२४ च्या शासननिर्णयानुसार आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘पैसे मुलाच्या शिक्षणास लागतील’ हे कारण पुढे करून मुलीचा अर्जच न भरणे यापुढे तरी थांबावे. वसतिगृह व प्रवासखर्चाचा प्रश्न उरतो हे खरे. तेथेच समाजाच्या निधीचा उपयोग व्हावा.

म्हणून आम्ही तीन सूचना करतो. दिवाळीच्या सुटीत प्रत्येक तालुक्यात आठवी-नववीच्या मुलांची व पालकांची एक सभा घ्यावी. महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक ज्ञातिबांधवाने आपल्या गावच्या दोन मुलांची दोन वर्षे विचारपूस करावी. आणि शिक्षणनिधीचा काही भाग पारितोषिकांसाठी राखून उरलेला प्रवेशअर्ज, प्रवास व वसतिगृह यांसाठी द्यावा.

गुणवंतांचे कौतुक आपण करीतच राहू. परंतु मध्यम गुणांची, जिच्या घरात महाविद्यालयाची पायरी अद्याप कोणी चढलेले नाही, अशी एखादी मुलगी आज या मंडपात शेवटच्या रांगेत बसली असेल. तिला योग्य वाट योग्य वेळी दिसली, तर या मेळाव्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.