नारायण धारप आणि आपलं पुस्तकांचं कपाट
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण)



मला विषय दिला होता ‘माझा आवडता लेखक’. सेक्रेटरींना वाटलं असणार की काका पुलंवर बोलतील, नाहीतर कुसुमाग्रजांवर. दोघंही मला आवडतातच. पण खरं सांगायचं तर आयुष्यात ज्या लेखकासाठी मी सर्वांत जास्त रात्री जागलो त्याचं नाव नारायण धारप. २७ ऑगस्ट १९२५ चा त्यांचा जन्म, म्हणजे २०२५ साली त्यांची जन्मशताब्दी. २००८ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली, धारप शंभर वर्षांचे झाले. एवढा योग पुरे आहे.

भुताच्या गोष्टींचा विषय काढायला दुसरंही एक कारण आहे. ते शेवटी सांगतो.

आपण इथं राहायला आलो तेव्हाची रहाटणी जुन्या सभासदांना आठवत असेल. कोकणे चौकाकडून आत वळलं की दोन्ही बाजूंना शेतं, आणि रात्री लाईट गेली की स्वतःचा हात दिसायचा नाही. पवनेच्या अंगानं वारा यायचा. सेकंड शिफ्ट करून येणारी आपली मंडळी रस्त्याकडेच्या चिंचेपाशी सायकलचं पायडल जरा जोरात मारायची. कबूल कुणी करत नसे! आता तिथं दुकानांच्या पाट्यांचाच एवढा उजेड आहे की भूत आलंच तरी पार्किंग शोधत फिरेल.

धारप मी पहिल्यांदा वाचले ते भाड्याच्या वाचनालयातून आणून. पुठ्ठ्याचं बाइंडिंग, तेलकट पानं, आणि मागच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं आधीच शेवट लिहून ठेवलेला. पुढं बँकेत लागलो. पहिलंच पोस्टिंग एका आडगावच्या शाखेत आणि राहायला शाखेच्या वरचीच खोली. एका रात्री कंदिलाच्या उजेडात धारप वाचत असताना खालच्या रेकॉर्ड रूममधून आवाज यायला लागला. काहीतरी फरफटत नेल्यासारखा. थांबायचा, पुन्हा सुरू. शाखेची किल्ली माझ्या उशाशी, म्हणजे जबाबदारी माझी. खाली उतरायचं धैर्य होईना आणि न उतरावं तर नोकरीचा प्रश्न! शेवटी शेजारच्या घरातून शिपायाला उठवून आणलं. दार उघडलं तर घुशीनं सील करायच्या लाखेचा डबा कोपऱ्यापर्यंत ओढत नेला होता. शिपाई हसला, मीही हसलो. वर येऊन मात्र पुस्तक मिटवून ठेवलं ते सकाळीच उघडलं.

धारपांचं वैशिष्ट्य इथंच आहे असं मला वाटतं. त्यांचा माणूस तुमच्या-माझ्यासारखा असतो. नोकरी करणारा, हिशेबी, भुताखेतावर फारसा विश्वास नसलेला. एखादा जुना वाडा त्याच्या वाट्याला येतो किंवा स्वस्तात मिळतो. आता स्वस्तात घर मिळतंय म्हटल्यावर आपल्यातला कोण सोडेल? मग धारप अगदी पंचनामा लिहावा तशा थंड भाषेत एकेक गोष्ट सांगत जातात. आरडाओरडा नाही, रक्तामांसाचा चिखल नाही. माजघरात थोडा गारवा जास्त आहे, एवढंच. आणि आपल्या पाठीवर काटा येतो. वाईट शक्तीशी झुंजायला त्यांनी ‘समर्थ’ नावाचा नायकही उभा केला. ते आले की वाचकाला हायसं वाटायचं. आमच्या मॅनेजरना सुटीवरून परत आलेलं बघून वाटायचं, तसंच!

आणि नुसती भुतंच नाहीत. ‘नेनचिम’सारखी विज्ञानकल्पनेची कादंबरीही त्यांची. त्याआधी रहस्यकथेत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहून अख्ख्या महाराष्ट्राला वाचायला लावलं होतं. आणि रत्नाकर मतकरी तर आमच्यातलेच, वीस वर्षं बँक ऑफ इंडियात होते. १९७८ साली नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक झाले. बालनाट्यंही त्यांनीच लिहिली. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण इथल्या पोरांना ठाऊक आहेच. २०२० साली कोरोनानं त्यांना नेलं. मतकरींची गूढकथा माणसाच्या मनातल्या अंधाराची, धारपांची घरातल्या. अशा लेखनाला आपल्याकडं ‘साहित्य’ म्हणायची पद्धत नव्हती. बँकेत ज्या नोंदीचं खातं सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. या लेखकांचंही आपल्या समीक्षकांनी तेच केलं, आणि ते खातं कुणी मिटवलंच नाही.

आता जरा अवघड भाग. धारपांची सगळीच पुस्तकं सारखी नाहीत. काही घाईत लिहिलेली वाटतात, शेवट गुंडाळलेले आहेत. पण मला जे लागलं ते वेगळंच. निवृत्तीनंतर नातीनं मला एक इंग्रजी कादंबरी आणून दिली, स्टीफन किंगची १९७५ सालची ‘सेलम्स लॉट’. लहानपणीच्या गावी परतलेला लेखक, टेकडीवरचं जुनं घर आणि एकेक माणूस करत पोखरलं जाणारं गाव. थोडी पानं वाचली आणि हातातलं पुस्तक खाली ठेवलं. अहो, ही तर ‘लुचाई’! मग कळत गेलं की ‘शपथ’चं नातं किंगच्याच ‘इट’शी आहे.

मला फसवल्यासारखं वाटलं. पस्तीस वर्षं व्हाउचर तपासलेला माणूस मी. उसनवारी करावी, त्यात गैर काही नाही, पण ती वहीत दाखवली पाहिजे. वाचकाला सांगून टाकायला हवं होतं, हे माझं मत आजही तसंच आहे. आठवडाभर मी धारपांना कपाटात उलटं तोंड करून ठेवलं होतं. नंतर दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली. कल्पना परक्याची आहे, पण जी भीती वाटते ती मराठी घरातली आहे. बोलणं आपलं, नाती आपली, संकोच आपला. अमेरिकेतलं गाव मला गोष्टीतलं वाटलं, धारपांचं गाव मी पाहिलेलं वाटलं. कर्ज घेऊन उभारलेला धंदा खोटा ठरत नाही. कर्ज लपवलं हा दोष मात्र उरतो. दोन्ही नोंदी ठेवूनच मी त्यांना आवडता लेखक म्हणतो.

‘तुंबाड’ सिनेमा तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलाय. २०१८ साली आला, २०२४ साली पुन्हा लागला आणि तेव्हा जास्त चालला. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना नागझिऱ्याच्या जंगलात मित्रानं एक गोष्ट सांगितली होती, ती धारपांची ‘आजी’. तिचंही मूळ किंगच्याच एका कथेत. म्हणजे गोष्ट अमेरिकेतून पुण्याला आली, पुण्याहून तोंडी जंगलात गेली आणि शेवटी कोकणातल्या वाड्यात साखळीनं बांधलेली म्हातारी होऊन पडद्यावर आली.

तो सिनेमा पाहून माझ्या मुलाचा परदेशातून फोन आला. “बाबा, ते धारपांचं पुस्तक अजून आहे का हो?” मी गप्प बसलो. कारण दहावीच्या वर्षी ते त्याच्या गणिताच्या वहीखाली सापडलं होतं, आणि स्वतः रात्र-रात्र धारप वाचलेल्या बापानं ते रद्दीत घातलं होतं. मार्क चांगले पडले. पण त्यानंतर त्याच्या हातात मराठी पुस्तक म्हणून मी पाहिलं नाही. त्याला ते आठवत होतं की नाही, त्यानं विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. साकेत प्रकाशनानं काढलेल्या नव्या आवृत्त्यांतून आणून पाठवलं. कसं वाटलं, ते त्यानं अजून कळवलेलं नाही.

आता ते दुसरं कारण. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून क्लब हाऊसमध्ये पुस्तकांचं कपाट होतंय. यादीत मी धारप आणि मतकरी लिहिले होते. मागच्या मीटिंगला एका ताईंनी हरकत घेतली. त्यांचा लेक मोबाईलवर काहीतरी भयंकर पाहून पंधरा दिवस आई-बाबांच्या मध्ये झोपत होता. ताई, तुमची हरकत मी हसण्यावारी नेत नाही. लहान पोराला अशी पुस्तकं देऊ नयेत, हे माझंही म्हणणं आहे. पण मोबाईल त्याला थांबू देत नाही. पुस्तक मिटवून उशाखाली ठेवता येतं, तसं मी त्या शाखेत ठेवलं होतं. म्हणून माझी विनंती एवढीच, की हा कप्पा वरचा असावा, किल्ली सेक्रेटरींकडं असावी आणि आठवीच्या पुढच्या मुलांना आई-वडिलांच्या सहीनं पुस्तक मिळावं. रजिस्टर मी ठेवीन, तेवढी सवय हाताला अजून आहे.

पहिली बारा पुस्तकं माझ्याकडून. फक्त शेवटच्या पानावर पेन्सिलीनं शेवट लिहिलेला सापडला, तर दंड पन्नास रुपये.