नवागताचे पहिले सात दिवस

(कोल्हापूर येथे लघुउद्योजकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील कारखान्यांनी ओतकामाच्या क्षेत्रात कोल्हापूरचे नाव देशभर नेले. या वसाहतींत आज एकच तक्रार ऐकू येते : माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तर टिकत नाहीत. माणूस का मिळत नाही, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. आलेला माणूस महिन्याभरात का निघून जातो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्याचे उत्तर बहुधा त्याच्या पहिल्या सात दिवसांत दडलेले असते.

सामान्यतः काय घडते? हजेरीपटात नाव लिहिले जाते आणि ‘त्या मिस्त्रींबरोबर जा’ एवढे सांगून नवागताला खात्यात पाठवले जाते. मिस्त्रींना दिवसाचे उत्पादन पुरे करायचे असते. ते शिकवणार केव्हा? मग नवखा पाहून शिकतो, अथवा चुकून शिकतो. ओतशाळेत चुकण्याची किंमत भयंकर आहे. सुमारे १४०० अंश तापलेल्या रसात ओलसर भंगार पडले, किंवा लॅडल तापवून पुरते कोरडे केलेले नसले, तर पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि रस अंगावर उसळतो. जुन्या कामगाराच्या हे अंगवळणी पडलेले असते. उत्तर प्रदेश, बिहार वा ओडिशातील खेड्यातून कालच आलेल्या तरुणाला ते कोणी आणि कोणत्या भाषेत सांगितले, हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारला पाहिजे.

खरे तर ही विद्या कोल्हापूरला नवी नाही. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत नवा मुलगा आला की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी मोठ्या जोडीशी झुंजवीत नाहीत. आधी मेहनत, मातीची ओळख, मग डाव. त्याच्या अंगात काय आहे, हे वस्तादांची नजर रोज जोखत असते.

उद्योगातील उदाहरणही शेजारचेच आहे. १९१० साली बेळगाव सोडावे लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील ओसाड माळावर कारखाना उभारला. त्यांनी केवळ यंत्रे मांडली नाहीत, कामगारांसाठी वसाहत वसविली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रखवालीचे काम सोपविले. ज्याच्याकडे समाज संशयाने पाहत होता, त्याच्यावर विश्वास टाकला आणि तो विश्वास सार्थ ठरला. नव्या माणसाला ‘आपला’ म्हणणे ही भावुकता नव्हे. तो उद्योगाचा पाया आहे.

मग आपण काय करावे? पहिल्या दिवशी मालकाने स्वतः अर्धा तास द्यावा. आपण काय बनवतो आणि तो भाग पुढे कोठे जातो, हे दाखवावे. सुरक्षेचे नियम त्याच्या भाषेत सांगावेत आणि त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावेत. एक अनुभवी सहकारी त्याचा वस्ताद म्हणून नेमावा आणि त्या आठवड्यात त्या सहकाऱ्याचे उत्पादनाचे लक्ष्य कमी करावे. हे केले नाही, तर बाकी सारे कागदावरच राहील. भट्टीजवळचे काम पहिल्या आठवड्यात देऊ नये. राहण्याची, जेवणाची सोय झाली का, याची चौकशी करावी. सातव्या दिवशी त्याला शेजारी बसवून, काय समजले नाही, ते विचारावे.

कायदाही याच दिशेने चालला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांनी कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे दायित्व त्याआधीपासून आहे. परंतु नियुक्तिपत्र हाती देऊन माणूस आपला होत नाही.

घरदार सोडून आलेला तो तरुण कोणाचा तरी मुलगा आहे. संध्याकाळी तो गावी फोन करून काय सांगतो, त्यावर आपल्या कारखान्याची पत ठरते. ‘येथे मला शिकवतात’ असे त्याने सांगितले, तर पुढच्या वेळी त्याचा भाऊही येथेच येईल.